गोलोम्ब पट्टी: उत्तरात आकड्यांऐवजी डोमेनच का येतात?

प्रश्न
ओझ या प्रोग्रॅमिंग भाषेत ८ खुणांची गोलोम्ब पट्टी सोडवतोय. खुणांच्या दर जोडीतलं एक, अशी एकूण २८ अंतरं, सगळी वेगवेगळी हवीत. आरशातली उत्तरं (तीच पट्टी उलटी) टाळायला 'पहिलं अंतर शेवटच्यापेक्षा लहान' ही अट `<` ने लिहिली, त्याखाली एफडी.डिस्टिंक्ट (सगळं वेगवेगळं ठेवणारी अट), शेवटी एफडी.डिस्ट्रिब्यूट (किमती निवडून बघणारं). सगळी उत्तरं शोधणारं सर्चऑल एकच उत्तर देतं, तेही डोमेनसकट, म्हणजे किमतीऐवजी शक्य किमतींचा संच. एरर काहीच नाही.

उत्तर १
घोळ त्या `<` चा आहे. दोन्ही बाजूंच्या किमती ठरेपर्यंत ते थांबतं, थ्रेड (ओळीने चालणारा कोड) तिथेच अडकतो आणि खालचं डिस्ट्रिब्यूट चालतच नाही. स्पेसमध्ये (शोध जिथे चालतो त्या कप्प्यात) चालता थ्रेड नाही, निवडही मांडलेली नाही, म्हणून सर्च तिला यशस्वी धरतो. तिथे `<:` लिहा. तो प्रॉपगेटर आहे: किमतींची वाट न पाहता डोमेन छाटत राहतो आणि तुमचा थ्रेड पुढे जातो. खात्रीसाठी स्पेस.आस्कव्हर्बोज बघा, 'स्टक' आलं तर काहीतरी अडकलंय.

प्रश्नकर्ता
चाललं! पण सर्वांत आखूड पट्टीसाठी सर्चबेस्ट फार रेंगाळतं. फर्स्ट-फेल (सर्वांत कमी पर्याय उरलेलं व्हेरिएबल आधी) लावलंय.

उत्तर २
इथे फर्स्ट-फेल सोडा. डिस्ट्रिब्यूटला फक्त खुणा द्या, डावीकडून उजवीकडे, लहान किंमत आधी. डावीकडच्या खुणा ठरल्या की त्यांच्यातली अंतरंही ठरतात आणि डिस्टिंक्टला लगेच काम मिळतं.

खरा फायदा मात्र जादा अटींचा. लागोपाठचे क तुकडे (शेजारच्या खुणांमधली अंतरं) वेगवेगळे, म्हणून त्यांची बेरीज किमान क(क+१)/२. हीच अट उलटीकडूनही घाला: पट्टी ३४ लांबीची धरली, तर एक तुकडा सोडून उरलेले ६ किमान २१ खातात, म्हणजे कुठलाही तुकडा १३ पेक्षा मोठा नाही. या अटी तर्काने आधीच लागू आहेत, पण डिस्टिंक्टला बेरजा दिसत नाहीत. त्या तुम्हीच सांगायला हव्यात. वरची मर्यादा ३४ न लिहिता शेवटच्या खुणेच्या व्हेरिएबलवर `=<:` ने बांधा, म्हणजे सुधारित उत्तर मिळेल तशी तीही आवळत जाते.

सर्चबेस्टला दिलेल्या जुन्या-नव्या उत्तरांच्या तुलनेतही `>:` च हवं, कारण नव्या उत्तराची शेवटची खूण तेव्हा ठरलेली नसते.

उत्तर १
आणि एफडी.डिस्टिंक्ट किंमत ठरल्यावरच ती इतरांतून काढतो. त्याच अटीचे जास्त छाटणारे प्रकार, डिस्टिंक्टबी आणि डिस्टिंक्टडी, दोन्ही लावून बघा. डी जास्त छाटतो, पण प्रत्येक वेळी महाग पडतो. नोड (शोधातले टप्पे) आणि वेळ दोन्ही मोजा. बरोबर उत्तर ३४ यायला हवं: ०, १, ४, ९, १५, २२, ३२, ३४.