मदत हवी आहे: २०६ पूर्ण भरून दुपारी निघेल का? (तातडीचे)

पंखवाला
नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारतो, वेळ नाहीये. परवा कंपनीची चेक फ्लाइट (उडवण्याची परीक्षा) आहे आणि चेक पायलट लोडिंगवर तोंडी धरतो म्हणे. २०६, पाच प्रवासी, त्यांचं सामान, टाक्या फुल्ल. भर दुपारी छोट्या स्ट्रिपवरून (धावपट्टीवरून) निघेल की नाही? इथला एक सीनियर म्हणतो "निघतं रे, काही होत नाही". पुस्तक (मॅन्युअल) वाचलं तर उलटच वाटतं. हो की नाही एवढंच सांगा. गूगल करून झालंय, ते सुचवू नका.

रिकामटेकडा
२०६ म्हणजे प्यूजो ना? पाच माणसं आरामात बसतात. डिकी लहान आहे पण.

कॅप्टन_काका
स्ट्रिप किती लांब? समुद्रसपाटीपासून किती उंच? तापमान? वारा कुठून? वाळू, गवत की मुरूम? इंजिन टर्बो का साधं? यातलं काहीच न सांगता हो-नाही मागणं म्हणजे डॉक्टरला फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणणं झालं.

पंखवाला
सेसना २०६ हो, अजून कुठली! साधं इंजिन, ३०० हॉर्सपॉवर. बोट्स्वाना, मऊन. ओकावांगो डेल्टातल्या सफारी कॅम्पांच्या स्ट्रिप्स. मला वाटलं २०६ म्हटल्यावर कळेल.

निंबोणी
मऊन म्हणालास म्हणून लॉगिन केलं, तिथे काही हंगाम काढलेत. गरमीचा विचार नंतर कर. आधी नुसतं वजन मांड, तिथेच उत्तर आहे.

कमाल टेकऑफ वजन ३६०० पौंड. रिकामं वजन तुझ्या विमानाच्या कागदावर बघ, पण २२०० धरू. उरले १४००. वापरता येणारं इंधन सुमारे ८८ गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे ५२८ पौंड. राहिले ८७२ पौंड, साधारण ३९५ किलो. आता तू आणि पाच प्रवासी, माणशी ८० किलो धर: ४८० झाले. बॅग एकही न चढवता ८५ किलो जास्त! त्यात पाहुण्यांच्या माणशी २० किलोच्या मऊ बॅगा. स्ट्रिप, वारा, ऊन यांचा प्रश्नच येत नाही.

टाक्या अर्ध्याहून कमी, समजा ३५ गॅलन ठेवल्या, तरी बॅगांसकट पाच बसत नाहीत. चार बसतात. पाचवा दुसऱ्या खेपेत.

अनुस्वार
निंबोणीताई, गणित बरोबर, पण प्रत्यक्षात सगळे थोडं जास्त घेतातच. तो सीनियर काय वेडा आहे का?

निंबोणी
वेडा नाही, सकाळी सातला उडणारा असेल. गार हवेत निघालेलं विमान बघून "निघतं" म्हणणं सोपं आहे. शिवाय विमान निघालं म्हणून वजन कायदेशीर होत नाही. काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा लोडशीटच (वजनाचा हिशोब) मागते, आणि तिच्यावर सही पंखवालाची असणार, सीनियरची नाही.

कॅप्टन_काका
ताईंना दुजोरा. आता दुपारचं. मऊन सुमारे ३१०० फुटांवर आहे. त्या उंचीचं स्टँडर्ड तापमान ९ अंश. ऑक्टोबरात पारा ३८ वर गेला की २९ अंशांचा फरक. अंशाला १२० फूट धर, ३४८० फूट झाले. डेन्सिटी अल्टिट्यूड (पातळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) सुमारे ६६०० फूट! तुझं ३०० चं इंजिन तिथे फार तर २४० देणार. प्रोपेलर पातळ हवा चावणार. आणि स्पीडोमीटरवर आकडा तोच दिसला तरी जमिनीवरचा वेग दहाएक टक्के जास्त, म्हणजे धाव लांबणार. पुस्तकात कोरड्या गवतासाठी ग्राउंड रोलच्या १५ टक्के वाढव म्हणून टीप आहे. मऊ वाळूसाठी रकानाच नाही. हे चेक पायलटला आपणहून सांग, खूश होईल.

तळ्यात_मळ्यात
फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) १० अंश ठेवा, २० नको. ड्रॅग वाढतो. माझा अनुभव.

कॅप्टन_काका
कुठल्या विमानाचा अनुभव? २०६ च्या पुस्तकात शॉर्ट फील्डला २० आहे.

तळ्यात_मळ्यात
सेसना १७२. पण तत्त्व तेच.

कॅप्टन_काका
तत्त्व गेलं तेल लावत, पुस्तक त्या विमानाचं वाच!

बर्फाळ
खरं बुश फ्लाइंग अलास्कात, बाकी सगळं टूरिस्ट टॅक्सी. बीव्हर विमान बघा, १९४७ साली पहिल्यांदा उडालं, ४५० हॉर्सपॉवरचं रेडियल इंजिन, आजही फ्लोट्सवर आणि स्कीजवर चालतंय. धागाकर्त्याने सरळ तिकडे जावं.

निंबोणी
त्याने करिअर सल्ला मागितलेला नाही. आणि तिकडे चार्टरवर पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार पायलट) व्हायला व्हीएफआरलासुद्धा (नुसतं बाहेर बघून उडायलासुद्धा) ५०० तास लागतात, वर अमेरिकेत काम करायची परवानगी. नवीन मुलं मऊनला येतात ती त्यामुळेच.

रिकामटेकडा
अवांतर: इंडोनेशियाच्या सुसी पुजिअस्तुती बाईंनी मासळी आणि लॉबस्टर ताजे पोचवायला सेसना कॅरव्हॅन घेतली. २००४ च्या त्सुनामीत तीच आचेला मदत घेऊन गेली, त्यातून विमान कंपनी उभी राहिली आणि पुढे बाई मत्स्यव्यवसाय मंत्री झाल्या. बुश फ्लाइंगची याहून भारी गोष्ट सांगा.

अनुस्वार
भारी आहेच, पण इथे का?

पंखवाला
धन्यवाद काका, ताई. म्हणजे उत्तर "नाही" असंच ना? अजून काय विचारतील?

निंबोणी
दाराचं विचारतील. २०६ ला पुढे डावीकडे पायलटचं एकच दार. मागच्यांसाठी उजवीकडे दोन पाखांचं कार्गो डोअर. फ्लॅप खाली असले की पुढचं पाखं फ्लॅपला अडतं, पूर्ण उघडत नाही. मग मागचं पाखं उघडायला आतून ज्या खटपटी कराव्या लागतात त्या घाबरलेल्या पाहुण्याला सुचत नाहीत. म्हणून ब्रीफिंगमध्ये त्या दाराचं हँडल स्वतः हात लावून दाखव, नुसतं बोटाने "तिकडे" म्हणू नकोस. गेलेल्या महिन्यात कोणी विचारलं नाही म्हणून परवा विचारणार नाहीत असं नाही.

बाकी: स्ट्रिपवर उतरण्याआधी कमी उंचीवरून एक फेरी मार, इंपाला आणि हत्ती बाजूला होऊ देत. वाळूत थांबू नकोस, पुढचं चाक रुततं. खडीवर उभं राहून रनअप (इंजिनाची चाचणी) करू नकोस, प्रोपेलरला खडे लागतात. दुपारी थर्मल्समध्ये (गरम हवेच्या झोतांत) पाहुणे पिवळे पडतात, पिशव्या हाताशी ठेव. आणि विंगखाली तास-दोन तास पाहुण्यांची वाट बघत बसायची सवय कर. या नोकरीत उडण्यापेक्षा बसणंच जास्त. पाणी भरपूर ने.

उत्सुक_पालक
माझा मुलगा अकरावीत आहे. पायलटला गणित लागतंच का? चष्मा चालतो का?

अनुस्वार
काका, वेगळा धागा काढा ना.

पंखवाला
सगळं लिहून घेतलं. एक शेवटचं: माझं लायसन्स व्हॅलिडेशन (परदेशी लायसन्सला इथली मान्यता) अजून हातात आलेलं नाही, अर्ज केलाय. चेक फ्लाइटला चालेल ना?

कॅप्टन_काका
अरे!! हे पहिल्या ओळीत लिहायचं! लायसन्स कुठल्या देशाचं? एअर लॉचा (हवाई कायद्याचा) पेपर दिलास का? मेडिकल चालू आहे का?

निंबोणी
पंखवाला, आत्ता उठ आणि ऑफिसात विचार. चेक पायलट राइट सीटला बसून स्वतः पीआयसी (पायलट-इन-कमांड) राहणार आहे का, ते आधी कळू दे. लोडशीट मग.