कॉलेज बेसबॉलचा हत्ती नेमका कोण पोसतो?

माळरान :
अमेरिकेतल्या कॉलेजांचा बेसबॉल हा पांढरा हत्ती असून (अमेरिकन) फुटबॉलच्या कमाईवर जगणारे हे संघ बंद करावेत, असे ‘उत्तरायण’ यांनी काल लिहिले, ते वाचून राहवले नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने सप्टेंबर २०१० मध्ये हाच हिशेब दाखवून आपला शंभरावर वर्षांचा संघ बंद करण्याचे जाहीर केले होते. समर्थकांनी सुमारे ९० लाख डॉलर उभे केले, एप्रिल २०११ मध्ये निर्णय फिरला आणि त्याच जूनमध्ये तो संघ ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा, खेळला. ही जिद्द जमाखर्चाच्या कोणत्या रकान्यात लिहायची?

उत्तरायण :
बर्कलीचा संघ देणगीदारांमुळे वाचला, खेळाच्या उत्पन्नामुळे नव्हे. बॉइसी स्टेट विद्यापीठाने चाळीस वर्षांनी पुन्हा उभा केलेला संघ २०२० मध्ये अवघे १४ सामने खेळून बंद झाला. दक्षिणेतल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे १०,००० वर आसनांचे मैदान भरते, हे मला ठाऊक आहे. परंतु फेब्रुवारीत बर्फाखाली असलेल्या उत्तरेतल्या मैदानावर तिकीट कोण काढणार? माझी मुलगी कोणताही खेळ खेळत नाही, तरी तिच्या प्रत्येक सत्राच्या बिलात क्रीडाशुल्क असते.

ओसरी :
बिलांचाच विषय निघाला आहे, तर आमचेही पाहा. माझा मुलगा खेळत होता तेव्हा एका संघाला ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येई आणि ती २७ जणांपर्यंत वाटली जाई. त्याच्या वाट्याला पाव शिष्यवृत्ती आली. उरलेली पाऊण फी आम्ही चार वर्षे भरली. घरच्या मैदानावर बर्फ असल्यामुळे हंगामाचे पहिले आठवडे दक्षिणेकडच्या उबदार कॅरोलिनात, चौदा तास बसने जाऊन खेळावे लागत. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देत असे. रविवारी मध्यरात्रीनंतर परतलेला मुलगा सोमवारी आठला प्रयोगशाळेत उभा असायचा. हा हत्ती आम्ही पोसला आहे, फुटबॉलने नव्हे.

उत्तरायण :
आपण स्वखुशीने भरलेत. माझ्या मुलीला कोणी विचारलेही नाही. आईच्या कष्टांपुढे आकडे गप्प बसवायचे असतील, तर चर्चा कशाला करायची?

माळरान :
हा सूर योग्य नाही. शिवाय ११.७ ची मर्यादा आता राहिलेली नाही. खेळाडूंनी कॉलेज क्रीडासंघटनेवर (एनसीएए) भरलेल्या ‘हाउस’ खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत संघ ३४ जणांचा आणि हवी तर सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती, असा नियम आहे.

ओसरी :
‘हवी तर’ हेच दुखणे आहे. त्याच तडजोडीने प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी आपल्या सर्व खेळाडूंना मिळून थेट २.०५ कोटी डॉलरपर्यंत देण्याची मुभा दिली, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉल व बास्केटबॉलकडे जातो. पस्तिसाव्या मुलाला, स्वतःची पूर्ण फी भरायला तयार असला तरी, आता संघात जागा नाही. माझा मुलगा बहुतेक तोच पस्तिसावा ठरला असता.

उत्तरायण :
पालकांनी उचललेला भार मी हिशेबात धरला नव्हता, हे मान्य करतो. क्रीडाशुल्काबद्दलची माझी तक्रार मात्र कायम आहे. ते ऐच्छिक करा, मग बेसबॉलविरुद्ध मी एक शब्द लिहिणार नाही.

ओसरी :
ते ऐच्छिक झाले, तर सर्वांत आधी बंद पडणारा संघ बेसबॉलचाच असेल. त्या पहाटेच्या बसमधल्या मुलांना हे आपण कोणत्या शब्दांत सांगाल, तेवढे लिहा.