प्रतिसाद: खदानीच्या 'अथांग' डोहाबद्दल
'त्या खदानीला तळच नाही, पाणी पाय ओढतं' असं वरच्या पोस्टमध्ये पाणी भरलेल्या एका बंद खदानीबद्दल लिहिलंय, त्यावर थोडी भर.

नागपूरभोवतीच्या बंद दगडखदानी पावसात भरतात. तिथे तलावासारखा उतार नसतो, दगड सरळ कापलेला. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी कोमट आणि काही मीटरखाली एकदम गार. सूर मारणाऱ्याला त्या थराचा झटका बसला की श्वास आपोआप आत ओढला जातो अन् नाकातोंडात पाणी! लोक 'ओढलं' म्हणतात ते बहुधा हेच. नाहीतर गाळ: एक पाय उपसायला जोर लावला की दुसरा आणखी रुततो.

तळ न लागण्याचं कारणही साधं. खोली मोजायला लोक दोरीला दगड बांधून सोडतात, पण प्लास्टिकची हलकी दोरी तरंगते, वाऱ्याने तिरपी होते, आणि छोटा दगड मऊ गाळात गपकन बसल्याने हाताला झटका जाणवत नाही. सुती दोरी, दर मीटरला गाठ, किलोभराचं चपट्या बुडाचं वजन घ्या आणि नावेतून सोडा. ढील पडली की गाठी मोजा.

भीती मोडायची असेल तर खदान नको. स्विमिंग पूलमध्ये, प्रशिक्षकासमोर, छातीभर पाण्यात आधी तोंड बुडवून हळूहळू फुगे सोडा, मग पाठीवर तरंगा. माणूस 2 मीटर खोल पाण्यावर जसा तरंगतो तसाच 20 मीटर खोल पाण्यावर.

कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा 5 लिटरचा कॅन दोरीला बांधून फेका. फेकण्याआधी आत घोटभर पाणी ठेवा, नाहीतर वाऱ्यावर भरकटतो.