ॲल्युमिनियम ८० की १२ लिटर स्टील? टाकीचे आकडे जुळत नाहीयेत

निळाशार: डायव्हिंगसाठी स्वतःची हवेची टाकी घ्यायचीय, दोन दिवस नुसते तक्ते बघतोय आणि डोकं भणभणलंय. ॲल्युमिनियम ८० म्हणजे ८० घनफूट हवा ना, मग तक्त्यात ७७.४ का लिहितात? शिवाय टाकी रिकामी झाल्यावर पाण्यात वर किती ओढते, तर एक जण म्हणतो २ किलो, दुसरा म्हणतो जेमतेम एक किलो. पाण्यात खाली जायला कमरेला बांधतो त्या वेट बेल्टमध्ये शिसं किती घालायचं ते यावरच ठरतं, मग कंपनीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

खोलवर: ८० हे नुसतं नाव समज. टाकीच्या आतली जागा ११.१ लिटर, प्रेशर २०७ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाएवढा), गुणाकार केला तर साधारण २३०० लिटर येतात पण एवढ्या दाबाला हवा गणितासारखी दबत नाही, प्रत्यक्षात २१९० च्या आसपास मावते आणि तेच ते ७७.४ घनफूट. त्यामुळे हा आकडा खरा आहे, फसवं असेल तर नाव. ३०० बारच्या टाकीत तर ही तूट साधारण १० टक्क्यांवर जाते, तिथे नुसता गुणाकार करून हवेचा हिशोब धरू नकोस प्लीज, हवा कमी पडणं ही खाली गेल्यावर कळायची गोष्ट नाही.

शिसंवाला: तरंगण्याच्या आकड्यात घोळ असतो तो वेगळ्याच कारणाने. कोणी व्हॉल्व्हसकट सांगतं कोणी व्हॉल्व्ह काढून, आणि व्हॉल्व्हच पाऊण किलोच्या आसपास भरतो. शिवाय गोडं पाणी की खारं हे कुठे लिहिलेलंच नसतं, खारं पाणी अडीच टक्के जड म्हणजे या टाकीला ४०० ग्रॅमचा फरक तिथेच पडला. मला राग याचाच येतो, आकडा छापतात आणि तो कसा मोजला ते सांगत नाहीत. दोन कंपन्यांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करायची तर आधी हे बघ, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. १२ लिटर स्टील २३२ बारला भरली तर २६०० लिटरच्या आसपास हवा मिळते आणि रिकामी झाली तरी ॲल्युमिनियमसारखी वर ओढत नाही, मी तर तीच घेईन.

खोलवर: अजून एक, भरताना टाकी गरम होते. गेजवर २०० दिसलं आणि घरी येईपर्यंत १८५ झालं तर गळती समजून घाबरू नकोस, एका डिग्रीला साधारण ०.६ बार उतरतो. आणि जुनी टाकी घेणार असशील तर तक्त्यापेक्षा तिच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या गोलाईवर काय ठोकलंय ते वाच, वर्किंग प्रेशर, टेस्ट प्रेशर, शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाणी भरून दाबाखाली घेतात ती चाचणी) तारीख.

निळाशार: धन्यवाद दोघांनाही! काल मित्राची ॲल्युमिनियम ८० काट्यावर ठेवली, आधी २०० बारला आणि मग डाइव्ह करून आल्यावर पुसून कोरडी करून ५० बारला, फरक १.९ किलो आला. हवा लिटरला १.२ ग्रॅम धरली तर जवळपास १५८० लिटर वापरली. १५० बारचा नुसता गुणाकार १६६५ येतो, म्हणजे थोडी तूट धरून तुमचा हिशोब बरोब्बर बसतोय. आता स्टीलवाल्या विक्रेत्याला विचारलंय की बॉयन्सीचा (तरंगण्याचा) आकडा व्हॉल्व्हसकट आहे का आणि कुठल्या पाण्यातला, उत्तर आलं की इथे टाकतो.