मदत हवी आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये कर्करोगाचा धोका किती?

निवडुंग: माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार) आहे. गोळ्या चालू असून सध्या त्याला काहीही त्रास नाही, तरीही डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली आहे आणि पुढेही ठरावीक काळाने ती करावी लागेल म्हणाले. कारण विचारल्यावर 'कॅन्सरची शक्यता' एवढेच उत्तर मिळाले. नेमके किती टक्के, हे कोणी सांगेल का? तारीख लगेच कळवायची आहे.

आडवाट: आजार किती वर्षांचा आहे, आणि मोठ्या आतड्याच्या किती भागात आहे? सूज केवळ गुदाशयापुरती असेल तर धोका इतरांपेक्षा फारसा वाढत नाही. संपूर्ण मोठे आतडे व्यापले असेल तर गणित पार बदलते.

गवतीचहा: माझ्या वहिनींना हाच आजार आहे. आम्ही दर सहा महिन्यांनी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करतो आणि ती नॉर्मल आली की कोलोनोस्कोपी टाळतो. तुम्हीही तेच करा.

आडवाट: हा सल्ला धोकादायक आहे. कॅलप्रोटेक्टिनवरून सूज कळते. पेशींमधील कर्करोगपूर्व बदल, म्हणजे डिसप्लेशिया, कळत नाही. उलट सूज शांत असतानाच कोलोनोस्कोपी करणे योग्य, कारण सुजलेल्या आतड्याच्या बायॉप्सीत असे बदल ओळखणे पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जाते.

दुधीभोपळा: ज्वारीची भाकरी आणि ताजे ताक सुरू करा, मैदा बंद. माझ्या पित्ताला फार गुण आला.

निवडुंग: आहाराविषयी मी विचारलेले नाही. निदान २०१३ साली झाले, रिपोर्टात 'पॅनकोलायटिस', म्हणजे संपूर्ण मोठ्या आतड्याला सूज, असे लिहिले आहे. टक्केवारी सांगता येईल का?

सांजवारा: २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दहा वर्षांनी २, वीस वर्षांनी ८ आणि तीस वर्षांनी १८ टक्के असे आकडे होते.

आडवाट: ते आकडे आजच्या रुग्णांना जसेच्या तसे लावू नयेत, त्यानंतरच्या पाहण्यांत धोका बराच कमी आढळला आहे. शिवाय डॉक्टर टक्क्यांपेक्षा जोखमीचा गट (कमी, मधला, जास्त) पाहतात. लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी पहिली तपासणी, आणि पुढे जोखमीनुसार एक, दोन-तीन किंवा पाच वर्षांनी. तुमच्या भावाची आठ वर्षे केव्हाच उलटली आहेत. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग? पूर्वी आतडे अरुंद झाल्याचा किंवा डिसप्लेशियाचा उल्लेख? यकृताच्या चाचण्या कशा आहेत?

निवडुंग: वडिलांना साठीनंतर मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. भावाचे अल्कलाइन फॉस्फटेज (यकृताच्या रक्तचाचणीतला एक घटक) दोन वेळा वाढलेले आले, पण ते पोटाशी संबंधित नाही म्हणून मी लिहिले नाही.

आडवाट: वडिलांच्या आजारामुळे तो किमान मधल्या गटात जातो. पण आधी ते रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. अल्कलाइन फॉस्फटेज वाढण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी पित्तनलिकांचा 'प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस' हा आजार कोलायटिसच्या काही रुग्णांत आढळतो, आणि तो निघाला तर कोलोनोस्कोपी दरवर्षी करावी लागते. त्यासाठी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय तपासणी, करायची का, हे विचारा. आतड्यावर रंगद्रव्य फवारून पाहण्याची, म्हणजे क्रोमोएंडोस्कोपीची, सोय तेथे आहे का, हेही तारीख घेतानाच विचारून ठेवा.

गवतीचहा: वहिनींचे निदान होऊन अकरा वर्षे झाली. त्यांच्या यकृताची चाचणी कधी झाल्याचे मला आठवत नाही. तीत नेमके काय पाहायचे असते?