'रोमन कँडल'चा आवाज : नाइलाज की निवड?

अमेरिकी गायक-गीतकार एलियट स्मिथच्या 'रोमन कँडल' या अल्बमचा (1994) दबका आवाज म्हणजे निव्वळ पैशाची चणचण, हे मत मला अर्धेच पटते. पोर्टलंडमध्ये मैत्रिणीच्या घराच्या तळघरात, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर आणि साध्या मायक्रोफोनवर हे ध्वनिमुद्रण झाले, हे खरेच. शिवाय अल्बम काढण्याचा बेतही मुळात नव्हता. एक-दोन गाण्यांची एखादी सात इंची तबकडी निघेल अशी त्याची अपेक्षा असताना कॅव्हिटी सर्च या छोट्या कंपनीने सगळीच गाणी प्रसिद्ध करायचे ठरवले. चार गाण्यांना तर नावेही नाहीत, नुसते क्रमांक आहेत.

परंतु त्याच काळात तो हीटमायझर या बँडमध्ये कर्कश इलेक्ट्रिक गिटारींच्या गदारोळात गात होता, हे लक्षात घेतले म्हणजे इथले कुजबुजणे नाइलाजापेक्षा निवडीचे वाटू लागते. मायक्रोफोन इतका जवळ आहे की तारांवरून बोटे सरकतानाची किरकिर आणि 'स'चा फूत्कारही ऐकू येतो. 2010च्या आवृत्तीसाठी ध्वनिमुद्रण अभियंता लॅरी क्रेनने नेमके हेच आवाज सौम्य केले. त्याचा हेतू चांगला होता आणि हेडफोनवर ती आवृत्ती सुसह्यही होते, पण (जुन्या कॅसेटींवर कान तयार झाल्यामुळे असेल कदाचित) मला मूळ खरखरीतपणाच अधिक जवळचा वाटतो. शीर्षकगीतातला दबलेला संताप त्या खरखरीतच जास्त धारदार लागतो.