लिनक्स मिंटवर कार्यालयीन चॅटसाठी कोणता प्रोग्राम निवडावा?

सातपूरवाला

सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचा सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि कार्यालयातील जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, म्हणून ते लिनक्स मिंट या मोफत प्रणालीच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीवर नेले. छपाई, ब्राउझर आणि हिशेबाच्या फायली यांची काहीच तक्रार नाही; घोडे अडले आहे ते चॅटवर.

आमची गरज दुहेरी आहे. स्टोअर, क्वालिटी आणि कार्यालय यांच्यात दिवसभर जॉब नंबर, ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि ‘माल आला का’ अशा चौकशा चालतात, तर गिऱ्हाइके आणि जॉबवर्कवाले सगळे व्हॉट्सॲपवर असतात. संगणकांची रॅम ४ जीबी आहे आणि मंडळी मराठीतच लिहितात. पिजिन हा एकच प्रोग्राम सगळ्या सेवा चालवतो असे ऐकले आहे. तोच घ्यावा का?

गोदाकाठ

पिजिनची ती ख्याती खरी आहे, पण जुन्या काळातली. १९९८ मध्ये गेम या नावाने सुरू झालेला आणि २००७ मध्ये पिजिन झालेला हा प्रोग्राम एओएल, याहू, एमएसएन अशी सगळी खाती एकाच खिडकीत दाखवत असे. त्यांपैकी एमएसएन मेसेंजर बहुतेक जगात २०१३ मध्ये बंद झाला, एओएलची सेवा १५ डिसेंबर २०१७ रोजी आणि याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी. पिजिन अजून आहे आणि हलकाही आहे, परंतु ज्या सेवांसाठी तो घेतला जाई त्यांतल्या बहुतेक आता उरल्या नाहीत.

म्हणून आधी प्रोग्राम निवडण्यापेक्षा समोरचा माणूस कोणत्या सेवेवर आहे ते पाहावे. प्रोग्राम त्यानंतर जवळपास आपोआप ठरतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर असेल तर तुम्हाला व्हॉट्सॲपच वापरावे लागेल, आणि लिनक्ससाठी त्याचा अधिकृत प्रोग्राम नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये त्या हिरव्या चिन्हाशी मिळतीजुळती चिन्हे दिसतील, पण ती बहुतेक व्हॉट्सॲप वेबलाच चौकट लावून दिलेली असतात. तेच काम मिंटमध्ये आधीपासून असलेल्या वेब ॲप्स या साधनाने होते: पत्ता द्यावा, ब्राउझर निवडावा, की मेन्यूत स्वतंत्र चिन्ह येते. एका खात्याला फोनखेरीज चार उपकरणे जोडता येतात आणि रोज फोन चालू असण्याची गरज नसते. मात्र फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला गेला नाही तर ती सगळी बाहेर पडतात, हे कपाटात ठेवलेल्या कार्यालयीन फोनच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे. पिजिनला अनधिकृत जोडणी लावून व्हॉट्सॲप चालवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तसा वापर त्यांच्या अटींत बसत नाही आणि खाते बंद झाले तर गिऱ्हाइकांपुढे पंचाईत होईल ती तुमची.

अंबड_लिंक_रोड

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त कारखान्यातील अंतर्गत बोलणे व्हॉट्सॲपवर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे इंटरनेटची तार कधी खोदकामात तुटते, कधी वीज गेल्यावर पुरवठादाराकडचा संच बंद पडतो, आणि मग वीस पावलांवरच्या स्टोअरला निरोप द्यायचा तरी उठून जावे लागते. राउटर आणि संगणक इन्व्हर्टरवर चालू असतील तर आतले जाळे चालूच असते. त्याचा उपयोग करून घ्यावा.

त्यासाठी एक्सएमपीपी योग्य ठरेल. १९९९ मध्ये जॅबर म्हणून सुरू झालेली ही पद्धत २००४ पासून आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे अधिकृत मानक आहे आणि तिच्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. तुमच्यापैकी जो संगणक दिवसभर चालू राहतो त्यावर प्रोसोडी हा सर्व्हर बसवा. तो इतका हलका आहे की रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही निभावतो. खाती तुम्हीच तयार करून द्यावीत आणि बाहेरच्यांसाठीची नोंदणी बंद ठेवावी. सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र स्वतःच बनवलेले असल्यास प्रत्येक संगणकाला ते विश्वासार्ह असल्याचे एकदा सांगावे लागते, आणि नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ तिथेच जातो.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी बदलून घ्या. फायली पाठवण्याची सोय चालू केल्यावर प्रोसोडीत मूळ मर्यादा १० एमबीची असते, आणि स्कॅन केलेले मोठे ड्रॉइंग ती सहज ओलांडते. शिवाय ठेवलेली फाईल आणि संदेशांचा साठा दोन्ही मूळ मांडणीत आठवड्यानंतर सर्व्हरवरून काढून टाकले जातात. मागच्या महिन्यातील ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन पाठवली होती यावरून क्वालिटीवाल्यांशी वाद व्हायचा नसेल, तर ही मुदत वाढवा.

संगणकांवर एक्सएमपीपीसाठी गाजिम हा प्रोग्राम घ्यावा. डिनो हा तसाच दुसरा प्रोग्राम दिसायला अधिक सुटसुटीत आहे आणि त्यात कॉलही होतात, परंतु गट, शोध आणि खात्यांची मांडणी यांवर गाजिममध्ये जास्त ताबा मिळतो. ओमेमो हे कूटलेखन (इतर कोणाला निरोप वाचता येऊ नयेत अशी सोय) दोन्हींत आहे.

टर्मिनलप्रेमी

मॅट्रिक्सचा विचार का करू नये? २०१४ पासूनची ही चॅटची खुली पद्धत आहे, आणि मिंट २२ मध्ये तर हेक्सचॅट हा जुना चॅट प्रोग्राम काढून त्याजागी मॅट्रिक्सचेच वेब ॲप दिलेले आहे. मॅट्रिक्सच्या प्रोग्रामांत एलिमेंट सर्वांत परिपूर्ण आहे.

(मी स्वतः टर्मिनलमधला, म्हणजे फक्त अक्षरांच्या खिडकीत चालणारा वीचॅट (WeeChat, चिनी WeChat नव्हे) वापरतो, पण तो तुम्हाला सुचवत नाही. बऱ्याच टर्मिनलांत मराठी जोडाक्षरांची चाळण होते. ‘दुरुस्ती’ची वेलांटी कुठे आणि स्त कुठे अशी गत.)

अंबड_लिंक_रोड

मॅट्रिक्स चांगलेच आहे, पण या ठिकाणी नको. संगणकावरील एलिमेंट इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे प्रोग्रामच्या पोटात आख्खा ब्राउझर. व्हॉट्सॲपसाठी एक ब्राउझर आधीच उघडा असताना ४ जीबीत दुसरा चालवला, तर पीडीएफ उघडेपर्यंत चहा होईल. मॅट्रिक्सचेच नेको किंवा निओचॅट हे प्रोग्राम हलके आहेत, तथापि सिनॅप्स हा मॅट्रिक्सचा नेहमीचा सर्व्हर प्रोसोडीपेक्षा बराच जड असतो. त्यातच रिकव्हरी की कोणी हरवली आणि सगळीकडचे लॉगिनही गेले, तर त्या व्यक्तीला जुने कूटबद्ध संदेश वाचता येत नाहीत, आणि कार्यालयात ती की सांभाळणार कोण?

कॉलेजरोडकर

मराठी टंकलेखनाबद्दल कोणी फारसे बोलले नाही. मिंटमध्ये इनपुट मेथड या खिडकीतून आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्राम बसवता येतो आणि त्यात इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक किंवा रोमन अक्षरांवरून उमटणारी मराठी निवडता येते. गाजिम आणि डिनो हे जीटीके या लिनक्सवरील नेहमीच्या साधनसंचावरचे असल्याने सहसा अडचण येत नाही. अडचण आलीच तर ती फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज-प्रकारातून बसवलेल्या प्रोग्रामांत येते, कारण ते बंदिस्त जागेत चालतात. अशा वेळी त्याच प्रोग्रामचे साधे पॅकेज बसवून पाहावे. सर्वांच्या संगणकांवर बसवण्याआधी एकाच संगणकावर ‘वर्क ऑर्डर’, ‘प्रक्रिया’, ‘नाकारलेले नग’ असे रोजचे शब्द लिहून पाहा आणि अक्षर उमटताना कर्सर उडी मारत नाही ना, हे तपासा.

सातपूरवाला

सर्वांचे आभार. गिऱ्हाइकांसाठी वेब ॲप म्हणून व्हॉट्सॲप आणि आतल्या कामासाठी प्रोसोडी व गाजिम, असे ठरवत आहे. एक शंका राहते: शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरकडे संगणक नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे. त्याचे काय?

अंबड_लिंक_रोड

त्याच्या फोनवर कॉन्व्हर्सेशन्स हा एक्सएमपीपीचा प्रोग्राम बसवा. प्ले स्टोअरवर त्याला पैसे पडतात, एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपांच्या भांडारात तो मोफत आहे. मात्र फोन कारखान्याच्या वायफायवर असेल तेव्हाच त्याला निरोप मिळतील. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांतता, कारण तुमचा सर्व्हर बाहेरून दिसत नाही. सुपरवायझरची याला हरकत असेल असे वाटत नाही. तुमची असेल तर डोमेन, बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता आणि मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागेल, आणि त्या सर्व्हरची अद्यतने व पासवर्ड यांकडे नियमित लक्ष देणारा माणूसही.